पिवळं कुठं गेलं

१

आठव्या घरात पिवळं संपलं होतं.

प्राचीनं ताटली खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. हातावर मावेल एवढी प्लास्टिकची ताटली, तिच्यात ओळीनं बारा-बारा खळगे. केंद्रात सगळे त्यांना घरंच म्हणत. पहिल्या घरात मेंढीचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतो तो निवळ भाग. पुढच्या प्रत्येक घरात तेच निम्म्यानं पातळ केलेलं. जिथवर पिवळा रंग उमटेल तिथवर त्या सीरमची ताकद. बांडी नावाच्या मेंढीचं पिवळं गेलं वर्षभर दहाव्या घरापर्यंत जात होतं. आज ते आठव्यात संपलं. दोन घरं मागं म्हणजे ताकद पावपट उरली.

मोरी आणि काजळी या दोघींचंही तसंच. बाकी नऊ मेंढ्या मात्र जिथल्या तिथं होत्या.

हे १९९९च्या मार्चमधलं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं, सहा खोल्या आणि एक मेंढवाडा एवढंच ते संशोधन केंद्र. काम मात्र मोठं. कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर एक खास प्रथिन असतं, ते या मेंढ्यांना टोचायचं. मेंढीचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याला बरोबर ओळखून चिकटणारी प्रतिपिंडं तयार करतं. ती प्रतिपिंडं कॅन्सरच्या पेशीला चिकटली की आपल्या शरीरातल्या राखणदार पेशींना शत्रू दिसतो, एरवी तो त्यांच्या डोळ्यांदेखत घरच्यासारखा वावरत असतो. अजून सगळं काचेतच चाललं होतं, माणसापर्यंत पोचायला वर्षं लागणार होती. पण पुण्याच्या प्रयोगशाळेत बांडीच्या सीरमनं काचेतल्या पेशी ओळखून दाखवल्या, तेव्हा हनुमंत ड्रायव्हरनं आख्ख्या इनामगावात पेढे वाटले होते.

बुधवारी त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेतून फोन आला होता की तीन बाटल्या कमजोर आहेत. म्हणून प्राचीनं गुरुवारी नवं रक्त काढून शुक्रवारी स्वतः तपासलं. फोन खरा निघाला.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर सुषमा मॅडमनी ताटली बघितली आणि खुर्चीत बसल्या.

"कोणीतरी सीरम काढून घेऊन बाटलीत पाणी भरतंय," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात तो एक माणूस आला होता ना, बांडीचं सीरम बाहेरून मिळेल का विचारत? मी हाकललं त्याला. सगळ्यांनी नाही हाकललेलं दिसत."

"बाटल्यांना हात चौघांचाच लागतो, मॅडम. ज्योतिबा आप्पा मेंढी धरतात, रक्त मी काढते, सूरज फ्रीजमध्ये ठेवतो, हनुमंतभाऊ पुण्याला नेतात."

"तुला मी धरत नाही. आणि बाकीच्या तिघांतला कोण तेही मला कळलंय." मॅडमनी टेबलावरचा एक कागद पुढं सरकवला. "काल ज्योतिबानं अर्ज दिला. पंधरा दिवस रजा पाहिजे, आणि तीन मेंढ्या खुटबावला आपल्या घरी न्यायच्यात. कुठल्या तीन, वाच."

प्राचीनं वाचलं. अर्ज सूरजकडून लिहून घेतलेला होता, खाली आप्पांची वळणदार सही. बांडी, मोरी, काजळी.

"सोमवारी शिरूरला पोलिसांत तक्रार देणार आहे मी," मॅडम म्हणाल्या.

२

प्राचीनं सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. ती आप्पांचं देणं लागत होती असं काही नाही. पण पहिल्या दिवशी मेंढीच्या मानेत सुई घालायला ती धजेना, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "भ्या न्हाई बाय. तिला कळतंय तू कशासाठी घेतीस ते." ज्याला मेंढीच्या वतीनं असं बोलता येतं, तो तिच्या रक्तात पाणी घालील हे प्राचीच्या गळी उतरेना.

सूरज दौंडच्या रेल्वे कॉलनीतला. फ्रीजची किल्ली कमरेला, आणि कपड्याची घडी मोडलेली चालायची नाही.

"मागच्या आठवड्यात लाइट गेली होती, मॅडमना सांगितलंय मी," तो म्हणाला. "लगेच जनरेटर लावला. आणि फ्रीज बिघडला असता तर सगळंच नासलं असतं. माझं मत विचाराल तर मेंढ्याच बदलल्यात. कानातला बिल्ला काढून दुसरीच्या कानात घालायला कितीसा वेळ लागतो? मेंढ्या काय, सगळ्या सारख्याच."

"आप्पांच्या समोर म्हणून बघ हे."

"नको. मागं एकदा म्हटलेलं. दोन दिवस बोलले नाहीत."

हनुमंत जीपखाली शिरला होता. तिथूनच बोलला.

"यवतला थांबतो, व्हय. च्या पितो, भजी खातो. कारण सांगू का ताई, भूक लागती."

"आणि बर्फाची पेटी?"

"जीपमधी. कुलूप असतंय." तो सरपटत बाहेर आला, हात पुसले. "आता तुमीच इचार करा. पेटीत बाटल्या बारा. बरफ इतळला तर बारा नासतील. माजी जीप काय त्या तिघींवरच डूख धरून हाय व्हय? ना फ्रीजला निवड करता येत, ना पेटीला. निवडून तीनच घ्यायच्या म्हंजी त्याला मेंढरं वळखणारा माणूस लागतोय."

एवढं बोलून त्याची जीभ अडखळली. मेंढ्या ओळखणारा माणूस केंद्रात एकच होता, आणि तो हनुमंताचा रोजच्या जेवणाचा सोबती होता.

"मी काय बोललोच न्हाई असं समजा," हनुमंत म्हणाला आणि पुन्हा जीपखाली गेला.

३

मेंढवाड्यात आप्पा लसूणघास टाकत होते. साठीचा ताठ माणूस, डोक्याला तांबडं पागोटं, कपाळाला भंडारा. बाप-आजे मेंढरामागं फिरले. आप्पांच्या भावानं खुटबावला ऊस लावला, आप्पांनी मात्र मेंढरू सोडलं नाही. पहिल्यांदा ती पिवळी ताटली बघितली तेव्हा त्यांनी तिला हात जोडले होते. "ह्यो तर भंडाराच हाय," म्हणाले होते.

"आप्पा, बांडीची मान बघायची आहे."

"बघा की."

प्राची वाकली. जिथं वर्षभर टोचलं होतं तिथल्या चारही गाठी तिच्या बोटांना लागल्या, जागच्या जागी. बिल्ला बदलता येतो, या गाठी कोण बदलणार? मेंढी बांडीच होती. सूरजचं मत तिथंच गळून पडलं.

"पोटाखालची जागा पण बघते. जरा बसवता का तिला?"

दर वेळी आप्पा मेंढीला ढुंगणावर बसवून, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून, लहान मुलासारखी धरायचे. आज ते प्राची आणि बांडीच्या मध्ये उभे राहिले.

"उताणी करू नगा. उभ्यानंच काय ते बघा."

प्राचीला आठवलं, गुरुवारीही रक्त उभ्यानंच काढलं होतं. आणि त्याआधीच्या खेपेलाही. फक्त या तिघींचं.

तिनं वाड्यावर नजर फिरवली. शिमगा होऊन दोन आठवडे झालेले. नऊ मेंढ्यांची लोकर कातरलेली, अंगं कशी भुंडी दिसत होती. या तिघी तेवढ्या अजून घोंगडी पांघरल्यासारख्या.

"यांची का नाही कातरली?"

"अंग जरा कसरीचं हाय त्येंचं."

"आणि पेंड यांच्याच पुढं?"

आप्पांनी घासाची पेंढी सोडली, पुन्हा बांधली. "ताई, माज्यावर चोरीचा आळ हाय म्हनं. हनम्याचं तोंड बघूनच कळलं मला. चाळीस वर्सं दुसऱ्याची मेंढरं राखली, एक कोकरू इकडचं तिकडं झालं न्हाई. खुटबावात जाऊन इचारा, ज्योतिबाचं नाव कसं हाय."

"मग सांगा ना काय झालंय ते."

"सांगन्यासारखं काय न्हाई."

ती फाटकापर्यंत आली तेवढ्यात मागून आप्पांच्या बायकोची, गिताबाईंची पावलं वाजली. पदरात शेंगदाण्याची पेंड होती, ती त्यांनी घाईनं झाकली.

"ताई, आमचं मानूस चोर न्हाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पर झालंय ते त्येच्यामुळंच. माज्या तोंडनं वदवू नगा. त्या बोर्डावर काय ल्हिवलंय ते वाचा म्हंजी झालं."

बोर्ड फाटकावरच होता, रोज दिसून दिसून दिसेनासा झालेला. हात धुवा, बाहेरचं खाद्य आणू नका, परवानगीशिवाय आत येऊ नका. शेवटची ओळ वाळक्या घासामागं झाकली गेली होती, आणि गिताबाईंना हाक आली म्हणून त्या वळल्या. प्राचीचंही दूध दाटून आलं होतं. पाच महिन्यांची मित्रा घरी वाट बघत होती. ती ओळ न वाचताच प्राची सायकलवर बसली.

४

शनिवारी सकाळी तिनं ठरवलं, आधी चोरी झाली की नाही हेच बघायचं.

तिच्या वडिलांचं दौंड तालुक्यात दूध संकलन केंद्र होतं. दहावीच्या सुट्टीत ती तिथं दूध तपासायची. दुधात पाणी घालणारे शंभर बहाणे करतात, पण पाण्याला निवड करता येत नाही एवढं ती तेव्हाच शिकली होती. पाणी पडलं की फॅट उतरते आणि बाकीचंही उतरतं, सगळंच एका मापानं पातळ होतं.

सीरममध्ये प्रतिपिंडांखेरीज दुसरीही प्रथिनं असतात. त्यातलं सगळ्यात जास्त ते अल्ब्युमिन. प्राचीनं तिघींच्या बाटल्यांतलं अल्ब्युमिन मोजलं, मग शेजारच्या नऊ जणींचं मोजलं, मग गेल्या वर्षीच्या नोंदींतलं काढून बघितलं.

अल्ब्युमिन रेसभर हललं नव्हतं.

म्हणजे पाणी नाही. चोर नाही. बाटलीला कुणी हातच लावलेला नाही. प्रतिपिंडं तेवढी निवडून गेली होती, आणि ती बाटलीत येण्याआधी, मेंढीच्या अंगातूनच. तिला हायसं वाटलं, ते क्षणभरच. तिघींना एखादा आजार असला तर? मग मॅडमना त्या काढाव्याच लागतील, आणि आजार लपवला म्हणून आप्पाही जातील.

दुपारी घरी आली तेव्हा सासूबाई, भागुबाई, उंबऱ्यात मित्राला पायांवर घेऊन बसल्या होत्या. मित्रा दूध प्यायला लागली आणि प्राचीच्या केसांत अडकलेली तिची मूठ सुटली तेव्हा मुठीत केसांचा झुबका आला.

"किती गळायला लागलेत, आई."

"गळणारच," भागुबाई म्हणाल्या. "पोटात असल्यापासनं लेकरू आईतनं उपसून घेत असतंय. हाडाचं घेतंय, रगताचं घेतंय. आईजवळ जे चांगलं असंल ते समदं त्येच्याकडं वाहतंय. तुला कळतबी न्हाई कवा गेलं ते."

प्राचीचा हात मित्राच्या पाठीवर थबकला.

आईजवळ जे चांगलं असेल ते. मोठं झालेलं पोट झाकणारी लोकर. उभ्यानं धरलेली मेंढी. पदरातली पेंड. पंधरा दिवसांची रजा, आणि मित्रा झाली ती लक्ष्मीपूजनाला. तिनं बोटांवर महिने मोजले.

"आई, मी बाळंतपणाला माहेरी दौंडला होते तेव्हा केंद्राच्या रानात कुणाची मेंढरं बसली होती का?"

"बसली हुती की. आप्पांच्या चुलतभावाचा कळप कोकणाच्या वाटंला लागलेला. घासाच्या वावरात दोन राती वाघरीचं जाळं लावून बसवला, खत व्हतंय म्हणून. दिवाळी सरता सरता." भागुबाईंनी तिच्याकडं निरखून बघितलं. "का गं? चेहरा का असा झाला तुझा?"

"आई, चोर सापडला," प्राची म्हणाली. "पण तो अजून जन्माला यायचाय."

५

सोमवारी सकाळी मॅडमच्या खोलीत पाच जणं होती. मॅडमच्या हातात जीपची वाट बघणारा तक्रारीचा कागद, भिंतीला टेकून सूरज आणि हनुमंत, दाराशी आप्पा, पागोटं हातात घेऊन. आणि प्राची उभी.

"मॅडम, पाणी घातलेलं नाही. हे आकडे बघा." तिनं अल्ब्युमिनचा कागद ठेवला. "फक्त प्रतिपिंडं गेलीत. फक्त तिघींची. आता मी एकच प्रश्न विचारते. मेंढीच्या रक्तातली प्रतिपिंडं दुसरीकडं कधी जातात?"

मॅडमनी आकड्यांवरून नजर उचलली. हे त्यांनी वर्गात शिकवलेलं होतं.

"विण्याच्या आधी दोन-तीन आठवडे," त्या सावकाश म्हणाल्या. "माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं पोटातच मिळतात. कोकराला पोटात काही मिळत नाही, सगळं पहिल्या चिकातून. म्हणून मेंढी ती रक्तातून कासेत नेऊन साठवते." त्यांनी मान हलवली. "पण आपल्या वाड्यात नर नाही, प्राची. म्हणून तर मी तो विचारच केला नाही."

"वाड्यात नव्हता. वावरात होता, दिवाळीत, दोन रात्री. मेंढी पाच महिन्यांनी विते. या तिघींची लोकर कातरलेली नाही, कारण कातरली की पोट दिसलं असतं. त्यांना बसवून धरत नाहीत, कारण गाभण मेंढी कुणी मेंढपाळ उताणी करत नाही. रजा मागितली ती वेत घरी करून आणायला. बरोबर ना आप्पा?"

आप्पांनी पागोटं एकदा गोल फिरवलं.

"बराबर."

"पण सोडल्या कशाला नराजवळ?" मॅडमचा आवाज चढला. "आणि तीनच का?"

"त्या तिघी त्याच कळपातल्या, मॅडम. माज्या चुलतभावाकडनंच घेतलेल्या तुमी. कळप वावरात बसला तवा आपल्या मान्सांचा आवाज आला त्येंना. वाड्याच्या भितीला टकरा घेत वरडत हुत्या. दिवाळीचं दीस. समद्या लेकीबाळी म्हायेरला आलेल्या. मला काय ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, एक रात जाऊ द्या आईबहिनीत." त्यांनी घसा साफ केला. "नर हाय ह्ये ध्यानात नव्हतं असं म्हनलो तर खोटं हुईल. एका रातीत काय व्हतंय, असं वाटलं. चुकलो ते तितं."

"मग तिसऱ्या महिन्यात सांगायचं होतं."

"बोर्डावर काय हाय शेवटाला?"

प्राचीनं शनिवारी संध्याकाळी घास बाजूला करून ती ओळ वाचली होती. तिनंच म्हटलं, "गाभण मेंढी प्रयोगातून काढून बाजारात विकण्यात येईल."

"बाजारात म्हंजी कुणाकडं, ते मला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "जिच्या रगतावर एवढं मोठं काम उभं ऱ्हायलं, तिला पोटुशी असताना बाजारात धाडू? तुमी चोर म्हना मॅडम. त्ये मी सोसलं असतं."

मॅडमनी तक्रारीचा कागद टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्यावर माझा विश्वास बसतोय. पण पुणेवाल्यांना गोष्ट सांगून भागत नाही. वर्षाचं काम आहे. पुरावा लागेल."

तेवढ्यात व्हरांड्यातून गिताबाईंची हाक आली.

"अवो, बांडी बसलीय. लौकर या."

६

बांडी विली तेव्हा उन्हं वाड्याच्या पत्र्यावर चढली होती. कोकरू पांढरं, एका डोळ्याभोवती काळं, आईसारखंच बांडं. गिताबाईंनी त्याचं तोंड पुसलं, आणि ते उठायच्या आधी प्राचीनं त्याच्या मानेतून थेंबभर रक्त घेतलं. सूरज घडीचा शर्ट विसरून बादली घेऊन गुडघ्यावर बसला होता.

मॅडम बाटली घेऊन पुढं झाल्या. "ज्योतिबा, चीक पाहिजे. किती काढता येईल?"

"आदी लेकरू पिईल," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज आता हातात पागोटं धरलेल्या माणसाचा नव्हता. "पोटभर. मग ऱ्हाईल त्येच्यातलं चमचाभर तुमचं. दुपारला पुन्ना त्येला लागंल."

मॅडम, ज्यांच्यापुढं पुण्याचे डॉक्टर उभे राहायचे, बाटली घेऊन मुकाट मागं सरल्या आणि थांबल्या. कोकरू धडपडलं, पडलं, पुन्हा उठलं. कासेला लागलं तेव्हा त्याची शेपटी थरथरायला लागली. मित्राची पायाची बोटं अशीच वळतात, प्राचीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटली तयार झाली. तीन ओळी होत्या. पहिली, जन्मल्या क्षणीचं कोकराचं रक्त: बाराही घरं पाण्यासारखी कोरी. दुसरी, एक दिवसानंतरचं त्याचंच रक्त: पिवळं थेट नवव्या घरापर्यंत. तिसरी ओळ चिकाची.

प्राचीनं आप्पांना आत बोलावलं. ते चपला बाहेर काढून आले. मॅडमनी स्वतः ताटली त्यांच्या हातात दिली.

आप्पांनी बोट न टेकवता घरं मोजली. आठ, नऊ, दहा. दहाव्याच्या पुढं त्यांनी आजवर पिवळं बघितलं नव्हतं. अकरा. बारा. ताटली संपली, पिवळं संपलं नाही.

"ह्ये समदं तिनं लेकरासाठी ठिवलं हुतं?"

"हो. आपण वर्षभर जे शिकवलं, ते तिनं आठवणीनं बाजूला काढून ठेवलं," मॅडम म्हणाल्या. "आणि आपण ते चोरीला गेलं म्हणत होतो. मोरी आणि काजळी विल्या की त्यांचा चीकही बघू. आधी लेकरांचं झाल्यावर." त्यांनी हनुमंताला हाक मारली. "तो बोर्ड उतरव. शेवटची ओळ खोडायची आहे."

"उतरवला कवाच," हनुमंत दारातून म्हणाला.

तक्रारीचा कागद केराच्या टोपलीत होता. त्याच्या जागी टेबलावर पुण्याला जायचा अहवाल पडला होता, आणि प्राची नव्या नमुन्यांची नावं भरत होती. ती कोकराच्या ओळीशी थांबली.

"आप्पा, हिचं नाव काय लिहू?"

आप्पांनी ताटली उजेडाकडं धरली होती. खिडकीतलं ऊन बाराही घरांतून झिरपून त्यांच्या पांढऱ्या मिशांवर पिवळं पडलं होतं.

"पिवळी," ते म्हणाले. "बांडीची पिवळी. आन् त्येच्याखाली राखनाऱ्याचं नाव असतंय का?"

"असतं की."

"मग पेन हिकडं द्या. सही येती मला."